हान्स लेडविंका : टाट्रा गाडीचा विश्वकर्मा

रस्त्यावरून एखादी देखणी मोटार गेली की पाहणारा प्रथम विचारतो, ही गाडी कोणाची? ती कोणी घडविली, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या ओठावर येतो. आमच्या इंदुरास मोटारींचे कौतुक नवे नाही. महाराजा यशवंतराव होळकर यांच्यासाठी सजविलेली अमेरिकन ड्यूसेनबर्ग गाडी आजही जगातील जुन्या मोटारींच्या शौकिनांच्या तोंडी आहे. गाडीबरोबर महाराजांचे नाव येते. तिच्या इंजिनाची आखणी ज्याने केली त्याचे नाव विचारले, तर मोठमोठे जाणकारही क्षणभर थांबतात. देवळाचे नाव राजाच्या खाती जमा व्हावे आणि पाथरवट अनामिक राहावा, तशीच ही रीत आहे. अशाच एका पाथरवटाची ही कथा आहे. त्याचे दगड मात्र लोखंडाचे होते आणि त्याचे देऊळ ताशी शंभर मैल धावत असे.

हान्स लेडविंका यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८७८ रोजी व्हिएन्नाजवळील क्लोस्टरनॉयबुर्ग या गावी झाला. त्या वेळी तेथे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाचे राज्य होते. घरची स्थिती बेताचीच होती. हाताने धातू घडविण्याचे काम ते प्रथम शिकले आणि मग व्हिएन्नात तांत्रिक शिक्षण घेतले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी कानस आणि मग कागद! ज्याने लोखंड स्वतः घासले आहे, त्याच्या आराखड्यात फुकाची रेघ येत नाही. लेडविंका यांच्या पुढील सर्व कामात ही काटकसर दिसते.

१८९७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते मोराव्हिया प्रांतातील नेसेल्सडॉर्फ या गावी नोकरीस लागले. या गावाचे चेक नाव कोप्रिवनित्से. दोन्ही नावांचा उगम एकच आहे. अंगाला झोंबून खाज आणणारी एक रानवनस्पती त्या बाजूस उगवते, तिच्यावरून दोन्ही भाषांनी गावाला नाव दिले. जर्मन आणि चेक या दोन समाजांत पुढे जे वितुष्ट आले ते ध्यानात घेता, एका झोंबऱ्या झुडपाबद्दल तरी त्यांचे एकमत होते, हे नमूद करण्यासारखे आहे.

तेथे इग्नात्स शुस्ताला नावाच्या कारागिराने १८५० मध्ये घोड्यांच्या बग्ग्या करण्याचा धंदा काढला होता. गावाजवळून आगगाडी जाऊ लागल्यावर १८८२ पासून तेथे रेल्वेचे डबे होऊ लागले, आणि १८९७ मध्ये त्याच कारखान्याने आपली पहिली मोटारगाडी तयार केली. तिचे नाव प्रेसिडेंट. इंजिन जर्मनीतील बेंझ कारखान्याचे आणि बाकी सारा थाट बग्गीचा. फक्त घोडे तेवढे नव्हते. १८९८ च्या मे महिन्यात ही गाडी कोप्रिवनित्सेहून निघून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा प्रवास करून व्हिएन्नास पोहोचली. लेडविंका वास्तविक रेल्वेच्या डब्यांच्या खात्यात कामाला होते, पण हे नवे यंत्र पाहून त्यांचे मन तिकडे ओढले गेले आणि लवकरच ते मोटारींच्या कामात शिरले.

मध्ये तीन वर्षे त्यांनी वाट बदलली. १९०२ मध्ये ते व्हिएन्नास गेले आणि वाफेवर चालणाऱ्या मोटारीच्या मागे लागले. त्या काळी वाफ जिंकणार की पेट्रोल, हे ठरायचे होते. वाफ हरली. १९०५ मध्ये लेडविंका कोप्रिवनित्सेला परतले आणि मोटार खात्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. पुढच्याच वर्षी त्यांनी 'एस' या नावाची गाडी काढली. इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा त्यांनी सिलिंडरांच्या डोक्यावर नेला आणि ज्वलनाची जागा अर्धगोलाकार केली. ही रचना पुढे कित्येक वर्षे वेगवान गाड्यांचे भूषण मानली गेली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रियातील श्टायर येथील बंदुकांच्या कारखान्याने त्यांना बोलावून घेतले. युद्ध संपल्यावर बंदुका कोणाला विकायच्या, ही विवंचना त्या मालकांना आधीच पडली असावी. लेडविंका यांनी त्यांना सहा सिलिंडरांची उत्तम गाडी करून दिली. परंतु त्यांच्या मनात दुसरेच घोळत होते. युद्धाने कंगाल झालेल्या युरोपातील शिक्षकाला, डॉक्टरला, लहान व्यापाऱ्याला परवडेल अशी लहान, हलकी आणि न मोडणारी गाडी त्यांना करावयाची होती. श्टायरच्या मालकांना ती नको होती. १९२१ मध्ये लेडविंका आपला विचार घेऊन पुन्हा कोप्रिवनित्सेला आले. आता ते गाव चेकोस्लोव्हाकिया या नव्या प्रजासत्ताकात होते आणि कारखान्याच्या गाड्यांना जवळच्या पर्वतावरून टाट्रा हे नाव मिळाले होते.

१९२३ मध्ये टाट्रा ११ बाहेर पडली. दिसायला ती साधी, पण आत पाहिले तर तीत तीन नव्या गोष्टी एकत्र आल्या होत्या आणि त्या तिन्ही समजून घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट कण्याची. तोपर्यंतच्या मोटारी शिडीसारख्या सांगाड्यावर उभ्या असत. दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि मध्ये आडव्या पट्ट्या. खडबडीत रस्त्यावर ही शिडी पिळवटते, मग दारे करकरतात आणि जोड सैल होतात. लेडविंका यांनी शिडी काढून टाकली आणि मधोमध एकच जाड पोलादी नळी घातली. पुढच्या टोकाला इंजिन, मागच्या टोकाला चाके फिरविणारी दंतचक्रे, आणि इंजिनाची शक्ती मागे नेणारा दांडा नळीच्या पोटातून. नळीला पीळ बसणे कठीण, आणि आतल्या दांड्याला धूळ, चिखल, दगड यांचा स्पर्श नाही. माणसाचा पाठीचा कणा आणि त्याच्या आतून जाणारा मज्जारज्जू डोळ्यांपुढे आणला की ही युक्ती ध्यानात येते.

दुसरी गोष्ट आसाची. आपल्या बैलगाडीचे एक चाक धोंड्यावर चढले की सगळी गाडी कलते, कारण दोन्ही चाके एकाच आसावर असतात. जुन्या मोटारींचेही तेच होते. लेडविंका यांनी मागचा आस मधोमध तोडला. प्रत्येक चाकाला स्वतःचा अर्धा आस दिला आणि तो कण्यापाशी वरखाली झुलेल असा बसविला. एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला त्याची खबर नाही.

तिसरी गोष्ट हवेची. इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी वापरावयाचे नाही, सिलिंडरांना धातूचे पंख लावून वाऱ्यानेच त्यांची उष्णता न्यावयाची. पाणी खेळविणाऱ्या इंजिनाची तऱ्हा मी स्वतः अनुभवली आहे. एका वैशाखात मानपूरच्या घाटात माझ्या जुन्या मोटारीचा रेडिएटर असा उकळला, की पिण्यासाठी घेतलेली सुरई त्यात ओतून मंडळींना तहानलेले बसावे लागले. मोराव्हियात याच्या उलट संकट. तेथे हिवाळ्यात रात्री पाणी गोठते आणि गोठताना फुगून इंजिनाला तडा देते. जे पाणीच नाही ते उकळणार कसे आणि गोठणार कसे? आपली अर्धी संकटे एखादी वस्तू जवळ असल्यामुळे येतात. लेडविंका यांनी ती वस्तूच काढून टाकली.

या चिमुकल्या गाडीचे इंजिन दोनच सिलिंडरांचे, १०५६ घन सेंटिमीटरचे आणि अवघ्या बारा अश्वशक्तीचे होते. तरीही १९२५ मध्ये सिसिली बेटावरील तार्गा फ्लोरिओ या डोंगरी शर्यतीत तिच्या शर्यतीच्या आवृत्तीने आपल्या वर्गात बाजी मारली. चेकोस्लोव्हाकियाच्या खेड्यापाड्यांत ती आणि तिच्यानंतरची टाट्रा १२ सर्वतोमुखी झाल्या. त्याच कण्यावर त्यांनी थोरामोठ्यांसाठीही गाड्या केल्या. १९३१ मध्ये आलेली टाट्रा ८० ही बारा सिलिंडरांची, सहा लिटरची राजेशाही गाडी. राष्ट्राध्यक्ष मासारिक यांच्या दिमतीस ती होती. थंडीसाठी तिला मात्र पाणीच लागत असे. एवढ्या मोठ्या इंजिनाला केवळ वाऱ्यावर ठेवण्याचे धाडस अजून व्हावयाचे होते.

ते धाडस टाट्रा ७७ मध्ये झाले. ५ मार्च १९३४ रोजी प्राग येथे ही गाडी लोकांपुढे आली, तेव्हा पाहणारे थक्क झाले असले तर नवल नाही. पुढे रेडिएटरची जाळी नाही, कारण रेडिएटरच नाही. पाण्याच्या थेंबासारखे पुढे गोल आणि मागे निमुळते अंग, आणि पाठीवर माशासारखा पर. इंजिन कोठे, तर मागच्या चाकांच्याही मागे. आठ सिलिंडर, तीन लिटरला किंचित कमी, साठ अश्वशक्ती आणि हवेने थंड होणारे. झेपेलिन विमानांच्या कारखान्यात काम केलेल्या पाउल यारे यांनी वाऱ्याला कमीत कमी अडविणाऱ्या आकाराचे शास्त्र बसविले होते. ते टाट्राने परवाना घेऊन स्वीकारले आणि एरिख इउबरलाकर या तरुण अभियंत्याने लेडविंका यांच्या हाताखाली ते प्रत्यक्षात उतरविले. केवळ साठ अश्वशक्तीवर ही पाच मीटरांहून लांब गाडी ताशी १४० किलोमीटरच्या घरात जाई. अशा वेगासाठी इतर कारखाने इंजिन वाढवीत होते, लेडविंका यांनी वाऱ्याचा विरोध घटविला. शक्ती वाढविण्यापेक्षा अडथळा कमी करावा, हाच त्यांचा पुन्हा पुन्हा दिसणारा धडा आहे.

या गाडीत दोष नव्हता असे म्हणणे म्हणजे भाटगिरी होईल. इतके वजन मागे आणि अर्धे आस झुलते, त्यामुळे वळणावर वेग आवरला नाही तर गाडीची पाठ बाहेर फेकली जाई. १९३७ च्या सुमारास आलेल्या टाट्रा ८७ मध्ये इंजिन हलक्या मिश्रधातूचे केले, लांबी कमी केली आणि वजन १३७० किलोवर आणले. दोष सौम्य झाला, नाहीसा झाला नाही. ७५ अश्वशक्तीची ही गाडी ताशी १६० किलोमीटर पळे. पुढे तीन दिवे, मागे उभा पर, आत ऐसपैस जागा. जर्मन लष्करी अधिकारी भरधाव वेगाच्या नादात या गाडीत इतके मेले की त्यांना ती वापरण्याची बंदी झाली, अशी एक आख्यायिका चेक लोक अजून आवडीने सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, ती सांगताना त्यांच्या मनात काय असेल, हे परक्यांचे राज्य पाहिलेल्या आपल्यासारख्यांना सांगावयास नको.

कारण १९३८ साली ते संकट आलेच होते. म्युनिक येथे मोठ्या राष्ट्रांनी चेकोस्लोव्हाकियाचा सीमाप्रदेश हिटलरच्या पदरात घातला आणि कोप्रिवनित्से जर्मन राज्यात गेले. टाट्राने नुकतीच ९७ या क्रमांकाची लहान गाडी काढली होती. इंजिन मागे, चार सिलिंडर समोरासमोर आडवे, हवेने थंड होणारे, मध्ये कणा आणि पाठ गोलसर. वाचकांच्या डोळ्यांपुढे आता दुसरीच एक गाडी उभी राहिली असेल. फर्डिनांड पोर्शे हे त्याच सुमारास हिटलरच्या आज्ञेवरून जर्मन जनतेसाठी जी गाडी करीत होते, ती फोल्क्सवागेन, लोकांच्या लाडक्या नावाने 'बीटल', हिचा नमुना जवळपास असाच होता. टाट्राने आपल्या हक्कांसाठी तक्रार केली, पण ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचेच सैन्य दारात आले. टाट्रा ९७ चे उत्पादन १९३९ मध्ये थांबले.

पोर्शे यांनी चोरी केली, असा सरळ निकाल मी देणार नाही. मागे इंजिन, कण्याची चौकट, गोल आकार हे विचार त्या दशकात मध्य युरोपच्या हवेतच होते आणि आणखीही काही अभियंत्यांनी ते मांडले होते. पण ते सर्व एकत्र आणून, रस्त्यावर पळवून, ग्राहकाच्या हाती देणाऱ्यांत लेडविंका अग्रभागी होते, एवढे निर्विवाद आहे. युद्धानंतर हा वाद पुन्हा न्यायालयात गेला आणि १९६० नंतरच्या दशकात फोल्क्सवागेनने टाट्राच्या पूर्वीच्या मालकांच्या कंपनीला भरपाई देऊन तडजोड केली. भरपाई मालकी हक्काची होती. बुद्धीची किंमत ठरविणारे न्यायालय अद्याप स्थापन व्हावयाचे आहे.

युद्धकाळात लेडविंका कारखान्यातच राहिले. जर्मन सैन्याला ट्रक हवे होते आणि कारखान्याने ते दिले. बारा सिलिंडरांच्या, हवेने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनाचा टाट्रा १११ हा ट्रक १९४२ चा. लेडविंका जन्माने ऑस्ट्रियन, भाषेने जर्मन. युद्ध संपताच १९४५ मध्ये नव्या चेकोस्लोव्हाक सरकारने शत्रूशी सहकार्य केल्याच्या आरोपाखाली त्यांना पकडले आणि सहा वर्षे तुरुंगात ठेवले.

येथे चरित्रकाराने सावध राहावे. शत्रूच्या सैन्याला वाहने पुरविणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. कारागिराला राजकारण कळत नाही, ही सबब मला पटत नाही. ज्याला चाकाचा प्रत्येक झोल कळतो त्याला आपले चाक कोठे चालले आहे हे कळलेच पाहिजे. पण दुसरी बाजूही आहे. ज्याने आयुष्याची चार दशके एका कारखान्याला दिली, त्याने साठी उलटल्यावर तो सोडून जावे कोठे? सम्राट गेला, प्रजासत्ताक आले, प्रजासत्ताक गेले, हिटलर आला. गावाच्या वेशीवरचे झेंडे बदलले, लेडविंका यांचे टेबल तेच राहिले. त्यांचा अपराध असेल तर तो टेबलावरून मान वर न करण्याचा होता. त्याबद्दल सहा वर्षांचा तुरुंगवास योग्य की अयोग्य, याचे उत्तर पुढे १९९२ मध्ये त्याच देशाच्या न्यायव्यवस्थेने दिले आणि त्यांच्या नावावरील कलंक पुसला. ते ऐकावयास लेडविंका हयात नव्हते.

या सहा वर्षांतच दैवाने एक विलक्षण खेळ केला. १९४७ च्या एप्रिलमध्ये हान्झेल्का आणि झिकमुंड हे दोन चेक तरुण टाट्रा ८७ घेऊन प्रागहून निघाले. आफ्रिका खंड उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत, आणि मग दक्षिण अमेरिका, असा प्रवास करून ते १९५० मध्ये परतले. सहाराची वाळू, विषुववृत्ताचा चिखल, अँडीज पर्वताचे चढ, सगळे त्या हवेच्या इंजिनाने पार केले. देशभर लोक नभोवाणीवर त्यांच्या हकीकती ऐकत. राष्ट्राच्या यंत्रविद्येचा हा विजय म्हणून त्या गाडीची मिरवणूक निघाली आणि आज ती प्रागच्या राष्ट्रीय तंत्रसंग्रहालयात मानाने ठेवली आहे. तिचा निर्माता त्या वेळी त्याच देशाच्या तुरुंगात दिवस मोजीत होता. गाडी जग हिंडली. घडविणाऱ्याला कोठडीच्या चार भिंती. याच प्रवाशांनी १९५९ पासून टाट्राचेच ट्रक घेऊन आशियाचा दौरा केला आणि त्या ओघात ते आपल्या भारतातही हिंडून गेले.

१९५१ मध्ये सुटका झाली तेव्हा लेडविंका त्र्याहत्तर वर्षांचे होते. ते कारखान्यात परत गेले नाहीत. प्रथम ऑस्ट्रियात आणि नंतर म्युनिक येथे त्यांनी उरलेले आयुष्य काढले. त्याच म्युनिकच्या रस्त्यांवरून तेव्हा बीटल गाड्यांची रांग लागलेली असे. प्रत्येक गाडीचा तो हवेच्या इंजिनाचा फडफडता आवाज या वृद्धाच्या कानी पडत असेल, तेव्हा त्यांच्या मनात काय येत असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही. २ मार्च १९६७ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. युरोपच्या मोटार-इतिहासातील मानकऱ्यांच्या मालिकेत त्यांचे नाव २००७ मध्ये घातले गेले.

लेडविंका गेले तरी त्यांचा विचार मोडीत निघाला नाही. त्यांचा मुलगा एरिख यानेही वडिलांचीच विद्या घेतली. ऑस्ट्रियन सैन्यासाठी त्याने केलेल्या हाफ्लिंगर आणि पिंट्सगाउअर या डोंगर चढणाऱ्या गाड्यांत तोच नळीचा कणा आणि तेच झुलते अर्धे आस आहेत. टाट्राने मागे इंजिन असलेल्या, हवेने थंड होणाऱ्या आलिशान मोटारी १९९९ पर्यंत केल्या आणि मग तो धंदा बंद झाला. ट्रक मात्र आजही कोप्रिवनित्सेत होतात. वाळवंटातील डाकार शर्यत या ट्रकांनी कारेल लोप्राइस यांच्या हाती सहा वेळा जिंकली.

आणि तो कणा आपल्या देशातही येऊन पोहोचला आहे. १९८६ मध्ये भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कारखान्याने टाट्राशी करार केला आणि भारतीय सैन्याचे हजारो अवजड ट्रक या जातीचे झाले. पुण्याच्या संशोधन संस्थेत घडविलेली पिनाक ही अग्निबाणांची तोफमाळ याच ट्रकांवर चढविलेली आहे. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात ती राजपथावरून, म्हणजे आताच्या कर्तव्यपथावरून, जाताना लोक अग्निबाण पाहतात आणि टाळ्या वाजवितात. वाचकांनी पुढच्या खेपेस नजर जरा खाली, चाकांकडे न्यावी. एका बाजूचे चाक उंचवट्यावर चढेल आणि दुसरे जागच्या जागी राहील. व्हिएन्नाजवळच्या एका गरीब घरातल्या मुलाने शंभर वर्षांपूर्वी आस मधोमध तोडला, त्याचा तो पुरावा आहे.